बॉर्डर की बाउंडरी? दोन इंग्रजी शब्दांची तुलना नेमकी कशी करायची

शब्दकोश उघडला की बॉर्डर म्हणजे सीमा आणि बाउंडरी म्हणजेही सीमा. पुण्यामुंबईच्या माणसाचं एवढ्यावर भागत असेल, आपलं बेळगाव-निपाणी-खानापूरकडं भागत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि अहवालाच्या इंग्रजी नावात शब्द आहे 'बाउंडरी डिस्प्यूट्स'. इंग्रजी पेपर मात्र त्याच प्रकरणाला 'बॉर्डर डिस्प्यूट' नाहीतर 'बॉर्डर रो' म्हणत आलेत. खडेबाजारात साडी घ्यायला गेलं की दुकानदार 'बॉर्डर बघा ताई' म्हणतो, आणि जमिनीची मोजणी निघाली की तोंडात 'बाउंडरी' येते.

हा लेख ह्या एका जोडीला धरून चालवतो. मध्ये दुसऱ्या जोड्या येतील, पण एक जोडी मुळापासून सोडवलेली बघितली तरच पद्धत हाताला बसते. दहावीचा पेपर असो की बँकेची परीक्षा, की नुसतं ऑफिसात पत्र लिहायचं असो, पायऱ्या ह्याच. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणारी मुलं बघितली की वाईट वाटतं. यादी फक्त 'हे दोन शब्द जवळचे' एवढं सांगते. किती जवळचे आणि कुठं फाटा फुटतो, हे ती सांगत नाही.

आधी स्पेलिंग

देवनागरीत 'शेड' लिहिलं, तर तो शब्द कोणता? उद्यमबागेतल्या कारखान्याचं पत्र्याचं शेड, की चिंचेखालची शेड? पहिल्याचं स्पेलिंग एस-एच-ई-डी, दुसऱ्याचं एस-एच-ए-डी-ई. 'सेल'ची तऱ्हा आणखी वाईट. दिवाळीचा सेल, विकणे ह्या अर्थाचं क्रियापद सेल आणि घड्याळात घालायचा सेल, तिन्ही आपण एकसारखेच लिहितो. म्हणून तुलनेला बसायच्या आधी दोन्ही शब्द रोमन अक्षरांत वहीत उतरवायचे. ही पायरी पोरकट वाटते, पण मुलं दोन शब्द म्हणून जे विचारतात ते कधीकधी तीन निघतात.

इथं सीमाभागातल्या मुलांना एक फुकटची सोय आहे. कन्नड लिपीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए ह्यांना वेगवेगळी अक्षरं आहेत, 'ओ'चंही तसंच. त्यामुळं कापड दुकानाच्या कन्नड फलकावरचा 'सेल' दीर्घ असतो आणि बॅटरीचा सेल ऱ्हस्व. ज्याला शाळेत कन्नड शिकून पाट्या वाचता येतात, त्याच्या कानाला हा फरक आधीच कळलेला असतो; मराठी लिहिताना तो पुसला जातो, इतकंच. अर्थात क्रियापद सेल आणि बॅटरीचा सेल कन्नडमध्येही सारखेच ऐकू येतात. तिथं स्पेलिंगला पर्याय नाही.

एक मराठी अर्थ पुरत नाही, सगळे मांडा

खानापूरकडच्या एका घरात झालेला संवाद:

"आज्जा, बांधाला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?"

"कुठल्या बांधाला गे? बसतो त्या, की भांडतो त्या?"

आज्जांनी अर्धा धडा तिथंच शिकवला. ज्याच्यावर बसून भाकरी खातो तो मातीचा उंचवटा. त्याला भारतातल्या इंग्रजीत 'बंड' (बी-यू-एन-डी) म्हणतात, आणि तो शब्द फारसी-हिंदुस्तानीतून इंग्रजीत गेलेला आहे. ज्याच्यावरून भाऊबंद कोर्टात जातात तो बांध म्हणजे माझी मालकी संपते ती जागा. ती 'बाउंडरी'. माती तीच, शब्द दोन.

म्हणून दुसरी पायरी अशी की 'सीमा' ह्या एका अर्थावर न थांबता मराठीत त्या परिसरात जेवढे शब्द आहेत तेवढे कागदावर मांडायचे. शेताला बांध, गावाला शीव आणि वेस, पोलीस ठाण्याला हद्द, देशाला सरहद्द, राज्याला सीमा, साडीला काठ, क्रिकेटच्या मैदानाला सीमारेषा. मग एकेकापुढं इंग्रजी शब्द घालून बघायचा. साडीच्या काठाला फक्त बॉर्डर. मैदानाच्या सीमारेषेला फक्त बाउंडरी. पोलीस ठाण्याच्या हद्दीला दोन्ही नाहीत, तिथं 'लिमिट्स' किंवा 'ज्युरिसडिक्शन'. वेशीला तर 'गेट'च, कारण वेस ही येण्याजाण्याची जागा आहे. राज्याची सीमा आणि देशाची सरहद्द एवढ्या दोनच ठिकाणी बॉर्डर आणि बाउंडरी दोन्ही बसतात. म्हणजे शब्दकोशानं 'दोन्हींचा अर्थ सीमा' म्हणून जे सांगितलं, ते ह्या यादीतल्या दोन ओळींपुरतंच खरं आहे.

कन्नड येत असेल तर तिसरा रकाना घाला. राज्याच्या सीमेला कन्नडमध्ये 'गडि', साडीच्या काठाला 'अंचु'. म्हणजे मराठी आणि कन्नड दोघीही ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, इंग्रजी एकत्र धरते. कोड्याची खरी गाठ इथं आहे: साडीचा काठ आणि राज्याची सीमा ह्यांत इंग्रजीला काय सारखं दिसलं?

शब्द कुणाच्या संगतीत दिसतो

जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं १९५७ साली मांडलेला विचार इथं कामाला येतो: शब्द ओळखायचा तर त्याच्या आजूबाजूला कोणते शब्द वावरतात ते बघावं. अर्थ विचारू नका, सोबती विचारा.

बाउंडरीचे सोबती: बाउंडरी वॉल, बाउंडरी स्टोन, बाउंडरी लाइन. १९४७ साली रॅडक्लिफ ह्यांच्याकडं फाळणीची रेघ आखायचं काम आलं, ते 'बाउंडरी कमिशन'. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिलाय, तिथंही इंग्रजी शब्द 'बाउंडरीज'.

बॉर्डरचे सोबती: बॉर्डर एरिया, बॉर्डर व्हिलेज, बॉर्डर चेकपोस्ट. रस्ते बांधणारी बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन, स्थापना १९६०. राखण करणारी बॉर्डर सिक्युरिटी फोर्स, स्थापना १९६५.

दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या की फरक डोळ्यांसमोर येतो. ज्यांचं काम रेघ आखायचं, त्यांच्या नावात बाउंडरी. ज्यांचं काम रेघेलगतच्या पट्ट्यात, त्यांच्या नावात बॉर्डर. बाउंडरी ही रेघ आहे, बॉर्डर हा बहुतेक वेळा पट्टा आहे. साडीचा काठ आणि राज्याची सीमा इंग्रजीला सारखी का दिसली, त्याचं उत्तरही हेच. दोन्हींना रुंदी आहे.

हे पटत नसेल तर साडीच्या दुकानात उभं राहून बघा. दुकानदार घडी सोडवून काठ काउंटरवर पसरतो, हाताची बोटं आडवी ठेवतो आणि सांगतो, "ही चार बोटं, ही सहा बोटं." बॉर्डर मोजता येते, लहान-मोठी असते, तिचा रंग वेगळा असतो. आता शहापूरच्या एखाद्या घराच्या खरेदीपत्रातला जमिनीचं वर्णन करणारा भाग काढा. मराठीत त्याला चतुःसीमा, कन्नड दस्तात चक्कुबंदी. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस गल्ली, उत्तरेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस अमुक नंबरची मिळकत. चार दिशा, चार रेघा. एकाही रेघेची रुंदी लिहिलेली नसते, कारण तिला रुंदी असूच शकत नाही; असली तर ती कुणाच्या मालकीची, ह्यावरून पुढची पिढी भांडेल. इंग्रजी दस्तात तिथं 'बाउंडरीज' किंवा 'बाउंडेड' येतं, 'बॉर्डर' येत नाही.

मग पेपरवाले 'बॉर्डर डिस्प्यूट' का म्हणतात? एक तर शब्द छोटा, मथळ्यात बसतो. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. आयोगापुढं प्रश्न होता रेघ कुठून जावी, कोणतं गाव इकडं आणि कोणतं तिकडं. पेपरांपुढं प्रश्न असतो त्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांचा: शाळा कुठल्या माध्यमाची, पाटी कुठल्या भाषेत, बस कुठपर्यंत. सीमाभाग म्हणजे 'बॉर्डर एरिया'. त्याला 'बाउंडरी एरिया' कुणी म्हणत नाही.

सोबती शोधायचे कुठं? मोबाइलवर दोन-तीन शब्दांचा तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधायचा, म्हणजे तो तुकडा जसाच्या तसा सापडतो. किती निकाल आले ह्या आकड्यावर फार विसंबू नका, तो अंदाजे असतो. पहिली दहा-पंधरा वाक्यं वाचा. त्यापेक्षा भरवशाचं साधन म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांचेही इंटरनेटवर फुकट आहेत. त्यातली व्याख्या एकदा वाचून सोडून द्या, उदाहरणांची वाक्यं मात्र उतरवून घ्या. ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस धुंडाळावा. सुमारे १० कोटी शब्दांचा हा इंग्रजी मजकुराचा साठा आहे. पण तो ब्रिटनचा आणि मुख्यतः १९९० च्या आसपासचा. बेळगावच्या कचेरीतली इंग्रजी त्यात सापडणार नाही.

कचेरीवरून आठवलं. आपल्या रोजच्या बोलण्यात जे इंग्रजी शब्द शिरलेत, ते बहुधा आपापले सोबती बरोबर घेऊनच आलेत. कारखान्यात 'सेफ्टी शूज' घालतात आणि गेटवर 'सिक्युरिटी गार्ड' असतो. उलट कुणी बोलतो का? सेफ्टी पिन, सेफ्टी बेल्ट. पण सिक्युरिटी डिपॉझिट, सिक्युरिटी चेक. अपघातापासून बचाव ती सेफ्टी, कुणीतरी मुद्दाम इजा करेल म्हणून बंदोबस्त ती सिक्युरिटी. मराठीत दोन्हींना सुरक्षाच म्हणतात, पण कारखान्यातल्या कामगाराला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही.

उसना शब्द मात्र कधीकधी आपल्याकडं येऊन बदलतो. 'पोरगा बॉर्डरवर पास झाला' हे बेळगावात सगळ्यांना समजतं. इंग्रजीत तसंच्या तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, परीक्षा चेकपोस्टवर होती. तिथं 'बॉर्डरलाइन' लागतं. म्हणून आपल्या तोंडातली जोडी हा पुरावा मानायचा, पण शब्दकोशात एकदा पडताळून.

अदलाबदल करून बघा

आता खरी परीक्षा. एका शब्दाची पाच-सहा वाक्यं घ्यायची, त्यातला शब्द काढून दुसरा बसवायचा, आणि प्रत्येक वाक्यापुढं तीनपैकी एक खूण करायची: चालतं, चालत नाही, चालतं पण अर्थ बदलतो.

'शी लाइक्ड द गोल्ड बॉर्डर ऑफ द सारी' ह्यात बाउंडरी चालत नाही. 'द बॅट्समन हिट अ बाउंडरी' ह्यात बॉर्डर चालत नाही. 'द रिव्हर फॉर्म्स द बाउंडरी बिट्वीन द टू स्टेट्स' ह्यात बॉर्डरही चालतं. पहिल्या दोन खुणा सोप्या आहेत. जपून ठेवायची ती तिसरी. 'ही क्रॉस्ड द बॉर्डर' म्हटलं तर माणूस कोगनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेला. 'ही क्रॉस्ड अ बाउंडरी' म्हटलं तर तो कुठंही गेला नसेल. बसल्या जागी काहीतरी बोलून गेला. आपण म्हणतो ना, 'आता हद्द झाली', तेच. वागण्याच्या मर्यादेला इंग्रजी बाउंडरी वापरते. मर्यादा ही रेघ असते, पट्टा नसते, त्यामुळं हेही आधीच्या निष्कर्षाला धरूनच आहे. तिसऱ्या खुणेचं एखादं वाक्य मिळेपर्यंत जोडी सोडायची नाही.

अदलाबदल करताना व्याकरणही बघून घ्यायचं. बॉर्डर नाम आहे तसं क्रियापदही आहे: 'बेळगावी डिस्ट्रिक्ट बॉर्डर्स कोल्हापूर अँड सांगली'. बाउंडरीचं क्रियापद होत नाही. तिथं 'बाउंड' घ्यावं लागतं, आणि तेही बहुधा 'इज बाउंडेड बाय' ह्या रूपात. जोडीला येणारे छोटे शब्दही वेगळे. देशाची किंवा राज्याची बॉर्डर शेजाऱ्याशी असते म्हणून तिच्यामागं 'विथ'. बाउंडरी दोघांच्या मधे असते म्हणून 'बिट्वीन'. माणूस 'ऑन द बॉर्डर' राहतो, पण अधिकार 'विदिन द बाउंडरीज' चालतो. परीक्षेत रिकाम्या जागा भरताना हे छोटे शब्दच उत्तर फोडून देतात, अर्थ कळला नाही तरी.

शब्दाच्या उगमाकडं जायचं का? जा, पण तिथं मुक्काम करू नका. बॉर्डर जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथंही त्याचा अर्थ कड, किनार असा होता. आपल्या पट्ट्याला तो दुजोरा देतो. बाउंडरी हा 'मर्यादा' अर्थाच्या बाउंड ह्या शब्दावरून बनला. इथं एक मोह होतो: बांध आणि बाउंडरी ऐकायला किती जवळ! पण ते नातं नाही. आपल्या 'बांधणे'चं संस्कृतातलं मूळ 'बंध्' आणि इंग्रजी 'बाइंड' हे खरोखर एका कुळातले. 'बांधलेला' अर्थाचा बाउंड ह्या 'बाइंड'चा. सीमेचा बाउंड मध्ययुगीन लॅटिनमधून आलेला वेगळाच शब्द. दिसायला जुळे, घराणी दोन.

नातं कोणतं, हे दोन प्रश्नांत ठरवा

फरक सापडला की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. पण 'फरक काय' आणि 'नातं काय' हे वेगळे प्रश्न आहेत. नात्यासाठी दोनच गोष्टी विचारायच्या. पहिली: प्रत्येक 'क' हा 'ख' असतो का? दुसरी: प्रत्येक 'ख' हा 'क' असतो का?

दोन्हींना 'हो' आलं, तर शब्द खरे समानार्थी. बाय आणि परचेस घ्या. वस्तू विकत घेणं दोन्हींत आहे. मग फरक फक्त कुठं बोलायचं ह्याचा: बाजारात बाय, बिलावर आणि टेंडरमध्ये परचेस. पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' आलं, तर एक शब्द दुसऱ्याच्या पोटात आहे. प्रत्येक शुगरकेन हे क्रॉप, पण प्रत्येक क्रॉप शुगरकेन नाही, मग अथणी-चिकोडीकडं कितीही ऊस दिसू दे.

दोन्हींना 'नाही' आलं पण काही ठिकाणी दोघं एकत्र बसतात, तर शब्द एकमेकांना छेदतात. बॉर्डर आणि बाउंडरी ह्यातले. प्रत्येक बॉर्डर बाउंडरी नाही, साडी बघा. प्रत्येक बाउंडरी बॉर्डर नाही, मैदान बघा. हे नातं मुलांना सगळ्यात अवघड जातं, आणि ते समजवायला सीमाभागासारखी जागा नाही. इंग्रजी 'आंट' आणि कन्नड 'अत्ते' शेजारी ठेवा. आंटमध्ये आत्या, मामी, मावशी, काकू चौघी येतात. अत्तेमध्ये आत्या आणि मामी येतात, पण मावशी आणि काकू येत नाहीत. त्यांना चिक्कम्मा किंवा दोड्डम्मा. उलट अत्तेमध्ये सासू येते, जी आंटमध्ये नाही. दोन वर्तुळं काढा, मधल्या भागात आत्या-मामी लिहा, उरलेल्या आपापल्या बाजूला. ज्या मुलाच्या वर्गात अर्धी मुलं कन्नड घरातली असतात, त्याला हे चित्र आयुष्यात पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

आणि दोन्हींना 'नाही' येऊन कुठंच एकत्र बसत नसतील, तर बघायचं की ते एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत का. बॉरो आणि लेंड. उसने घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड करतो. गोंधळ होतो कारण मराठीत 'उसने' दोन्हीकडं तेच राहतं, फक्त घेणं-देणं बदलतं. दोन माणसं काढायची, वस्तूचा बाण काढायचा. ज्याच्याकडून बाण निघतो तो लेंड, ज्याच्याकडं जातो तो बॉरो. बॉरोमागं 'फ्रॉम', लेंडमागं 'टू'. ह्याच घरातला रेंट मात्र फसवा आहे, कारण तो दोन्ही बाजूंनी चालतो. 'आय रेंटेड अ हाऊस इन टिळकवाडी' ह्या वाक्यावरून बोलणारा मालक की भाडेकरू हे सांगता येत नाही. शंका नको असेल तर मालकानं 'लेट' वापरावं. घरांवर लावलेली 'टु लेट'ची पाटी म्हणूनच मालकाची असते, भाडेकरूची कधीच नाही.

विरुद्धार्थी जोड्यांत फक्त एक तपासायचं: मधे जागा आहे का? हॉट आणि कोल्डच्या मधे वॉर्म, कूल बसतात. डेड आणि अलाइव्हच्या मधे काही बसत नाही. जिथं मधे जागा असते तिथं 'व्हेरी' सहज लागतं.

आणखी काही जोड्या, थोडक्यात

स्टील आणि रॉब. सोबती बघितले की लगेच सुटतं. स्टीलच्या पुढं वस्तू येते, रॉबच्या पुढं माणूस किंवा जागा. चोर पैसे स्टील करतो आणि बँक रॉब करतो. बँकच स्टील केली म्हटलं तर इमारत उचलून नेली.

शेड आणि शॅडो. मराठीत दोन्ही सावलीच. शॅडोला आकार असतो, तो माणसाच्या मागं फिरतो, म्हणून 'माय शॅडो' म्हणता येतं. शेडमध्ये जाऊन बसायचं असतं. 'झाडाच्या सावलीत बसलो' ह्याला शेड. 'सावली लांब पडली' ह्याला शॅडो.

हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल. १९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन, ज्याचं अध्यक्षपद गांधीजींनी भूषवलं आणि असं एकदाच केलं, ते हिस्टॉरिक. त्या अधिवेशनाचे जपून ठेवलेले कागद हिस्टॉरिकल. १८२४ चा कित्तूरचा लढा हिस्टॉरिक, त्यावर लिहिलेली कादंबरी हिस्टॉरिकल, मग ती कितीही रद्दड असो. पहिल्यात महत्त्व आहे, दुसऱ्यात फक्त इतिहासाशी संबंध.

कॉस्ट आणि प्राइस. शेतकऱ्याच्या घरात हे समजवायला उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, पुरते. त्यातला पी म्हणजे प्राइस. उसाला मिळणारा दर ती प्राइस. लागण, खत, पाणी, मजुरी मिळून खिशातून गेलं ती कॉस्ट. दर सुचवणारा केंद्राचा आयोग १९६५ साली स्थापन झाला तेव्हा त्याच्या इंग्रजी नावात फक्त 'प्राइसेस' होतं. १९८५ मध्ये नाव बदललं आणि 'कॉस्ट्स' शब्द पुढं आला. दोन्ही शब्द एकच असते तर नाव बदलायची गरज पडली नसती.

लिसन आणि हियर, लुक आणि सी. ह्या जोड्यांना मराठी मुलानं घाबरायचं कारणच नाही, आपल्याकडं फरक तयार आहे. 'मी ऐकलं' आणि 'मला ऐकू आलं', 'मी बघितलं' आणि 'मला दिसलं'. वाक्य 'मला'नं सुरू होत असेल तर बहुधा हियर आणि सी. सर्च आणि फाइंडलाही हेच: 'मी शोधलं', 'मला सापडलं'.

वहीतलं पान

एका जोडीला एक पान, त्यापेक्षा जास्त नाही. वर दोन्ही शब्द रोमन स्पेलिंगसह. खाली डावीकडं एकाचे सोबती, उजवीकडं दुसऱ्याचे, पाच-पाच पुरे. मधे अदलाबदलीची तीन वाक्यं, तीन खुणांची एकेक. शेवटी नातं एका ओळीत. बॉर्डर-बाउंडरीच्या पानावर ती ओळ अशी येईल: 'छेदणारे, बॉर्डर पट्टा, बाउंडरी रेघ, राज्य आणि देश ह्यांच्या सीमेला दोन्ही.' परीक्षेत फरक लिहायला सांगितला तर ह्याच ओळीचं एक वाक्य आणि प्रत्येक शब्दाचं एक उदाहरण लिहायचं. व्याख्या लिहीत बसू नका. तपासणाऱ्याला उदाहरणावरूनच कळतं की मुलाला समजलंय.

मराठी अर्थ पानावर लिहायचे ते वेगवेगळे लिहायचे. बॉर्डरखाली काठ, बाउंडरीखाली सीमारेषा. दोन्हीखाली 'सीमा' लिहिलं की पान वाया गेलं.

काही जोड्या काही केल्या सुटत नाहीत. बिगिन आणि स्टार्ट घेऊन बसा, दहातली आठ-नऊ वाक्यं दोन्ही शब्दांनी चालतील. शाळा बिगिन होते, स्टार्टही होते. पाऊसही तसाच. तिथं ओढूनताणून अर्थाचा फरक काढायचा नाही. जिथं अदलाबदल अडते ती एखादी जागा शोधायची: सकाळी स्टँडवर बसचं इंजिन 'स्टार्ट' होतं, 'बिगिन' होत नाही. पानावर तेवढं एक वाक्य लिहायचं, बाकी जागा कोरी सोडायची आणि पुढच्या जोडीला लागायचं.